सोड्याची बरणी

माझी ताई लाँड्रीत डाग काढते. धुणारे वेगळे, इस्त्रीवाले वेगळे. ताईच्या टेबलावर फक्त डाग येतात. शाई, वंगण, लिपस्टिक, रक्त, गंज. एखादा शर्ट उजेडात धरून, नाकाशी नेऊन ती सरळ सांगते, "हा कॉफीचा नाही, बुटाच्या पॉलिशचा आहे. गिऱ्हाईक थापा मारतंय." तिथे सगळे तिला डागवाली म्हणतात आणि तिला त्याचं काही वाटत नाही. लहानपणापासून ती अशीच, बिनधास्त. आमच्या शाळेच्या वाटेवर एक कुत्रा असायचा, सगळी पोरं त्याला टरकून लांबून जायची. ताई दप्तर हलवत त्याच्या अंगावरून जायची आणि मी तिच्या फ्रॉकचं टोक धरून मागे. "घाबरलं की पाय लटपटतात आणि शाळेला उशीर होतो," एवढंच ती म्हणायची.

म्हणून त्या शनिवारी सकाळी फोनवर तिचा आवाज ऐकला तेव्हा मला आधी वाटलं, कुणाचा तरी चुकून लागला असेल.

पण आधी घरातली माणसं सांगते, नाहीतर कळायचं नाही.

ताईचं घर तिसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि एक लांबट बाथरूम, ज्यात भिंतीला मोठं लाकडी कपाट ठोकलेलं आहे. भाऊजी प्लंबर. त्यांचं अर्धं दुकान त्या कपाटात असायचं. पान्हे, वॉशर, पाइपांचे तुकडे, आणि वरच्या फळीवर एका जुन्या बरणीत, तुंबलेले पाइप मोकळे करायला लागतो तो कॉस्टिक सोडा. खालच्या फळीवर ताईचं धुण्याचं सामान. कॉस्टिक दुकानात नेऊन ठेवा, असं ताई महिन्यातून एकदा तरी म्हणायची आणि "उद्या नेतो" हे भाऊजींचं ठरलेलं उत्तर.

कॉस्टिक म्हणजे काय हे ताईला चांगलंच ठाऊक होतं. लाँड्रीत एकदा शेजारच्या टेबलावरच्या बाईच्या मनगटावर त्याचं पाणी उडालं होतं. आधी काहीच झालं नाही, नुसतं साबणासारखं बुळबुळीत लागलं, म्हणून ती गप्पा मारतच नळाकडे गेली. बुळबुळीत लागत होती ती तिची स्वतःचीच कातडी. पुढे कित्येक महिने ती मनगट झाकून कामावर यायची.

घरात तिसरे आप्पा, ताईचे सासरे. रंगाच्या कारखान्यात आयुष्यभर स्टोअरकीपर होते. हजारो डबे, पिंपं, पोती, आणि कुठला माल कुठल्या फळीवर हे सगळं तोंडपाठ. घरातही तीच भाषा. ताईने चहाचा कप पुढे केला की कप निरखून विचारायचे, "माल तपासून घेतलाय ना?" आणि ताई तितक्याच गंभीरपणे म्हणायची, "हो साहेब, सही करा." मग दोघंही हसायचे. आमचे वडील लवकर गेले. ताईला वडील म्हणून जे काही मिळालं ते आप्पांकडूनच.

आणि मुंगी, माझी भाची. गोड दिसलं की हजर, म्हणून मुंगी.

कुकीजचं वेड ताईला लाँड्रीच्या मालकीणबाईंनी लावलं. त्या दुपारच्या चहाबरोबर घरी केलेल्या चॉकलेट चिप कुकीज आणायच्या. ताईने एकदा खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी कृती मागितली. लोणी मऊ हवं, वितळलेलं नको. ब्राऊन शुगर सढळ हाताने, पांढरी जपून. मैदा घातल्यावर मळायचं नाही, नुसतं एकत्र आणायचं. अर्धा चमचा खायचा सोडा, चिमूटभर मीठ, शेवटी चॉकलेटचे तुकडे. आणि गोळा रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचा. ताईच्या पहिल्या घाण्याच्या कुकीज नव्हत्याच, फरशा होत्या. भाऊजी म्हणाले, बाथरूममध्ये बसवू का? आप्पांनी मात्र एक उचलली, चहात बुडवून बराच वेळ धरली आणि चावत म्हणाले, "माल उत्तम आहे. भाजणी जरा जास्त झाली. पुढच्या लॉटला बघा." त्यांच्या कारखान्याचं कँटीन बंद झालं तेव्हा तिथला ओव्हन त्यांनी मागून घेतला आणि हातगाडीवर घालून स्वतः घरी आणला. तेव्हापासून दर शनिवारी सकाळी त्या जिन्यात लोण्याचा आणि चॉकलेटचा वास असायचा. वरच्या मजल्यावरची माणसं उगाच दोनदा खाली-वर करायची.

मग आप्पा विसरायला लागले. आधी चष्मा, मग दिवस, मग रस्ता. एकदा ते कारखान्याच्या दारात सापडले. कारखाना बंद पडून जमाना झाला होता, आणि हे कुलपासमोर उभे राहून रखवालदाराची वाट बघत होते. डॉक्टर म्हणाले, हे असंच वाढत जाणार.

त्यात त्यांना एक नवीनच खोड लागली. अर्धवट भरलेला डबा त्यांना बघवायचा नाही. "अर्धा डबा म्हणजे जागेची नासाडी," असं म्हणत ते एकातलं दुसऱ्यात ओतायचे. कधी चहाच्या डब्यात कॉफी, कधी तुकडा तांदळात बासमती. ताई हसून निवडत बसायची. ताईच्या नणंदेचं, म्हणजे आप्पांच्या मुलीचं, एकच टुमणं होतं, "वृद्धाश्रमात ठेवू या, तिथे चोवीस तास माणसं असतात." ताई ठामपणे म्हणायची, "चहात कॉफी पडली म्हणून कुणी वडिलांना घराबाहेर काढत नाही."

त्या शनिवारी मुंगीची सहल होती, विज्ञान केंद्रात. वर्गाला वाटायला म्हणून ताईने दुप्पट गोळा करून ठेवला होता आणि सकाळी ट्रेमागून ट्रे भाजून काढले. या वेळी कुकीज फुगल्या नाहीत. चपट्याच राहिल्या. ओव्हन कुरकुरतोय असं वाटून तिने प्रत्येक ट्रे जरा जास्त वेळ आत ठेवला, त्यामुळे रंगही गडद आला. पण मुंगीला घाई होती. मोठा डबा भरला, एक कुकी तोंडात, एक हातात, आणि ती धडधडत जिना उतरली. भाऊजींनी रुमालात बांधून घेतल्या, कामावरच्या मित्रांसाठी. आप्पा खिडकीशी चहा घेऊन बसले, बशीत दोन कुकीज.

ताई ओटा आवरायला लागली. सोड्याची बरणी उचलली आणि फळीवर ठेवताना तिचा हात थांबला.

बरणी जड होती. गळ्यापर्यंत भरलेली.

सोडा तळाला गेला होता. आणायचा म्हणून ती दोन वेळा विसरली होती. काल संध्याकाळी गोळा करताना मुंगीचा गणवेश, पाण्याची बाटली, बसची वेळ असा गोंधळ चालला होता. तिने न बघताच चमचा आत घातला होता आणि तो भरून वर आला होता. तेव्हा काही लक्षातच आलं नाही.

"आप्पा," ती सहज बोलल्यासारखं म्हणाली, "ही बरणी तुम्ही भरलीत?"

"हो तर. रिकामी होती. कुणाचं लक्ष आहे का?"

"कुठून भरलीत?"

"गोडाऊनमधून."

"कुठलं गोडाऊन, आप्पा? मला दाखवा बरं."

आप्पा कप खाली ठेवून उठले आणि मोठ्या ऐटीत तिला घेऊन बाथरूमकडे निघाले. कपाट उघडून त्यांनी आत हात केला. "हे काय. सोड्याचा माल सोड्यात. लेबलं बघूनच काम करतो मी."

वरच्या फळीवर भाऊजींची बरणी होती. झाकण वाकडं बसवलेलं. तिच्यावर भाऊजींच्या अक्षरात लिहिलं होतं, 'सोडा'. आणि बरणी अर्धी होती.

ताई मला नंतर म्हणाली, "मला पोटात गोळा आला, पाय गळाले, असं काहीच झालं नाही गं. कानच बंद झाले. आप्पांचे ओठ हलताना दिसत होते, ऐकू काही येत नव्हतं."

ती स्वयंपाकघरात परतली. बरणीतली चिमूटभर पूड बशीत घेऊन तिने वर व्हिनेगर ओतलं. खायचा सोडा असता तर फसफसून वर आला असता. पूड तशीच पडून राहिली. तिने पुन्हा ओतलं. काहीच नाही. म्हणजे हा खायचा सोडा नव्हता, आणि ते आता नक्की होतं.

मागून कुरुमकुरुम आवाज आला. आप्पा परत खिडकीशी बसले होते आणि उरलेली कुकी खात होते.

तिने धावत जाऊन त्यांच्या हातातून ती ओढली. आप्पा चिडले. "अहो, ही काय पद्धत झाली? दिलेला माल परत कसा घेता?"

"आप्पा, तोंड उघडा."

"का?"

"तपासणी आहे. वरून आदेश आलाय."

आप्पांनी तोंड उघडलं. जीभ, हिरड्या, टाळू. कुठे लाल दिसतंय का, कुठे पांढरं पडलंय का, तिला कळेना. तिने त्यांना चूळ भरायला लावली, पुन्हा भरायला लावली. "जळजळतंय का? घशात काही होतंय?" आप्पा तिच्याकडे टक लावून बघत राहिले आणि हळूच म्हणाले, "बाई, तुम्ही रडताय का?"

भाऊजींचा फोन वाजून वाजून बंद झाला. ते कुणाच्या तरी सिंकखाली डोकं घालून पडलेले असणार. मग तिने शाळेत लावला. क्लार्कने उचलला.

"आज शनिवार आहे बाई, ऑफिस बंद आहे. मी रजिस्टर न्यायला आलोय."

"सहलीच्या बसशी बोलायचंय. माझी मुलगी आहे त्यात. डबा उघडू देऊ नका म्हणावं."

"कुठला डबा? नीट सांगा, काय झालंय?"

आणि ते तोंडाने सांगायची वेळ आली. मी केलेल्या कुकीज. मी माझ्या हाताने केलेल्या. "डब्यातल्या कुकीजमध्ये विषारी काहीतरी पडलं असेल," ती कशीबशी म्हणाली. मग क्लार्कने एकही प्रश्न न विचारता वर्गाच्या बाईंचा नंबर सांगितला. तो लागत नव्हता.

मग तिने मला फोन केला. मी मागच्याच गल्लीत राहते. "येऊन आप्पांजवळ बस. त्यांना काही झालं तर हॉस्पिटलमध्ये ने. कुकीजना हात लावू नकोस. कशालाच हात लावू नकोस." मी काय झालं विचारेपर्यंत फोन बंद.

मी पोचले तेव्हा ती जिन्यातच भेटली. घरातल्या कपड्यांत, हातांना चिकटलेलं पीठ, एका पिशवीत ती बरणी. बरणी तिने छातीशी अशी धरली होती की जणू सांडली तर जिना जळेल. दोन वाक्यांत तिने सगळं सांगितलं आणि ती खाली धावली.

टॅक्सीतलं तिने मला पुढे कितीतरी वेळा सांगितलंय, दर वेळी तेच. ड्रायव्हर म्हणाला, "विज्ञान केंद्र अकराला उघडतं, ताई, घाई काय आहे?" बाहेर माणसं नेहमीसारखी चालत होती, कुणी भाजी निवडत होतं, कुणी सायकलची हवा बघत होतं, आणि तिला वाटत होतं, हे सगळे काचेच्या पलीकडे आहेत. मनात हिशोब चालला होता. एवढ्या मैद्यात अर्धा अर्धा चमचा, एका कुकीत कितीसा येणार? मग लगेच, कॉस्टिकने पीठ काळवंडतं, रंग गडद आला होता. मग, मुंगी खाताना काही बोलली नाही. मग ती मनगटवाली बाई, गप्पा मारत नळाकडे गेलेली. तिलाही आधी काही वाटलं नव्हतंच. सिग्नलला गाडी थांबली की ती दाराच्या कडीवर हात ठेवायची, उतरून धावत सुटू का म्हणून. ड्रायव्हरने आरशातून एकदा बघितलं आणि मग तो नुसता हॉर्न वाजवत राहिला.

विज्ञान केंद्राच्या पायऱ्यांवर पोरं बसलेली होती. मधल्या पायरीवर मुंगी, मांडीवर डबा.

"खाऊ नका!" ताई रस्त्यातूनच ओरडली. "कुणी खाऊ नका! टाका तो!"

सगळी पोरं वळून बघायला लागली. मुंगी लाजेने लालबुंद झाली. आई, घरातल्या गाउनमध्ये, केस विस्कटलेले, सगळ्यांच्या देखत. ताईने डबा हिसकावला. डबा हलका लागला. आत नुसता चुरा होता.

"बसमध्येच संपल्या," मुंगी पुटपुटली. "सगळ्यांना पुरल्या."

ताई तिथेच पायरीवर बसली. समोर तेवढी सगळी तोंडं, आणि प्रत्येकाच्या ओठांना चॉकलेट. तिने मुंगीची हनुवटी धरून तोंड उघडायला लावलं. मग शेजारच्या मुलीचं. मग तिच्या शेजारच्या मुलाचं. पोरांना हा काहीतरी खेळ वाटला, ती आपणहून रांगेत आ करून उभी राहिली. कुणी जीभ बाहेर काढून दाखवत होतं, कुणी पडलेला दात. ताई एकेकाच्या तोंडात बघत होती.

वर्गाच्या बाई धावत आल्या. थोड्या सावध, थोड्या रागावलेल्या. ताईने बरणी पुढे केली आणि काय झालं ते सांगितलं. बाईंचा चेहरा पांढराफटक पडला, पण त्या खंबीर निघाल्या. आधी सगळ्या मुलांना पाणी प्यायला लावलं, मग ओळखीच्या डॉक्टरांना फोन केला. डॉक्टरांनी विचारलं, कुणाला तोंडात जळजळ, उलटी, लाळ गळतेय? नाही. मग मुलांना एका जागी बसवा, काही झालं तर लगेच घेऊन या, आणि ती पूड नक्की कशाची आहे ते आधी शोधा.

पोरं बसली. कुणीतरी पोट दुखतंय म्हणालं. मग दुसऱ्याचंही दुखायला लागलं. ताईने डोळे मिटून घेतले.

इकडे घरी मी आप्पांसमोर बसले होते आणि त्यांचा प्रत्येक श्वास मोजल्यासारखी बघत होते. आप्पा वैतागून म्हणाले, "तुम्ही ऑडिटच्या का?" तेवढ्यात भाऊजी आले. ताईचे एवढे फोन बघून काम टाकून धावत आले होते. मी सांगायला लागले, माझं वाक्य पुरं व्हायच्या आत ते बाथरूमकडे पळाले. परत आले ते कपाळाला हात लावून. "परवाच भरली होती गं मी ती. काठोकाठ."

ताई बरणी घेऊन गेली होती. पण व्हिनेगरची बशी ओट्यावर तशीच होती, आणि बाजूला चमच्याला थोडी कोरडी पूड चिकटलेली. भाऊजींनी रबरी हातमोजा चढवला, ती पूड वाटीत झटकली आणि थोडं पाणी घातलं. कॉस्टिक पाण्यात पडला की गरम होतो, असं म्हणत त्यांनी वाटीला बाहेरून हात लावला. थंड. पूड विरघळलीही नाही, दुधासारखी होऊन तळाला बसली. त्यांनी केटलमधलं उकळतं पाणी त्यात ओतलं आणि चमचा फिरवला. वाटीतलं पाणी घट्ट झालं, चकचकीत, चिकट.

मी ते बघितलं आणि ओरडलेच, "अहो, ही तर खळ आहे!"

खालच्या फळीवर ताईच्या धुण्याच्या सामानात लाँड्रीतून आणलेलं स्टार्चचं मोठं पाकीट होतं, मक्याचं, कॉलर कडक करायला लागतं ते. भाऊजींनी जाऊन बघितलं. पाकीट फाडलेलं होतं, आणि फळीवर पांढरी रेघ सांडलेली.

मी ताईला फोन लावला. "ताई, खळ आहे. तुझी खळ. आप्पांनी सोड्यात खळ भरलीय. म्हणून फुगल्या नाहीत. काही होणार नाही कुणाला." पलीकडून नुसतं रडणं ऐकू आलं, आणि मागे कुणीतरी पोरगं विचारत होतं, "बाई, आता आमचं पोट दुखायचं थांबवू का?"

मी हसले. खरंच हसले, भिंतीला टेकून. भाऊजी हसले नाहीत. ते वरच्या फळीवरच्या बरणीकडे बघत होते.

"मग ह्यातला अर्धा कुठे गेला?" ते म्हणाले.

त्यानंतरचा वेळ मला अजून अंगावर येतो. आम्ही दोघांनी स्वयंपाकघरातला एकेक डबा खाली काढला आणि वर्तमानपत्रावर ओतायला लागलो. मीठ. बघितलं, चमच्याने ढवळलं, ठीक. साखर, ठीक. मैदा, रवा, पिठीसाखर. प्रत्येक डब्याचं झाकण काढताना मी श्वास रोखून धरत होते. आप्पा दारात उभे राहून समाधानाने म्हणाले, "व्वा. वार्षिक मोजणी चाललीय." भाऊजींनी एकदाच त्यांच्याकडे बघून विचारलं, "आप्पा, त्यातला माल कुठे ठेवलात?" आप्पांनी खूप विचार केला. त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या, ओठ हलले, आणि मग चेहरा असा झाला की मला बघवेना. "आठवत नाही," ते म्हणाले. "मी कुठे ठेवला?"

तो दुधाच्या पावडरीच्या डब्यात होता. दूध संपलं की ताई मुंगीला त्या पावडरीचं चॉकलेट-दूध करून देते. डबा ओतला तेव्हा पिवळसर पावडरीतून पांढरे, मण्यांसारखे दाणे घरंगळले. भाऊजींनी मला हाताला धरून मागे ओढलं.

मुंगी सहलीहून आल्यावर ते दूध मागणार होती. सकाळीच ताईला म्हणाली होती.

ताई दुपारी परत आली. मुंगीला तिने सहलीत राहू दिलं नाही, बरोबर आणलं, आणि मुंगी सारा वेळ रुसून बसली होती. आम्ही ताईला तो डबा दाखवला. भाऊजींनी स्वतःहून सांगायला सुरुवात केली, चूक माझी, मीच न्यायला हवा होता दुकानात. ते ऐकायला ती थांबली नाही. ती आप्पांच्या खोलीच्या दारात गेली. आप्पा पलंगावर बसून मोज्यांच्या जोड्या लावत होते. तिला बघून हसले. "सूनबाई, आज चहा नाही का?"

ती आत गेली नाही. दारातूनच परत फिरली.

संध्याकाळी भाऊजींसमोर आणि माझ्यासमोर ती बोलली. "पायऱ्यांवर बसले होते ना, तेव्हा मला आप्पांचा राग नाही आला. राग आला असता तर बरं झालं असतं. मला त्यांची भीती वाटली. आत्ता ते हसले माझ्याकडे बघून, तेव्हाही वाटली. ज्यांनी माझी पहिली कुकी खाल्ली, त्या माणसाची मला भीती वाटते." भाऊजी काहीतरी म्हणायला गेले. ती म्हणाली, "मला आधी बोलू द्या. मी नाही बघू शकत त्यांना एकटी. मला वाटायचं, बघीन."

नणंदेला तिनेच फोन केला. तू म्हणत होतीस तेच बरोबर, असं ऐकायला ती तयारच होती. पण ताईने आश्रमाला होकार दिला नाही. दिवसा म्हाताऱ्या माणसांना सांभाळणारं एक केंद्र पुढच्या चौकात होतं, तिथे आप्पांचं नाव घातलं. सकाळी भाऊजी सोडायचे, संध्याकाळी नणंद आणायची. तिथल्या बाईंनी त्यांना बटणांची पेटी दिली आणि ते दिवसभर रंगांप्रमाणे बटणं लावत बसायचे. कॉस्टिक त्याच दिवशी घराबाहेर गेला. बाथरूमचं कपाट रिकामं झालं. आणि स्वयंपाकघराच्या दाराला भाऊजींनी कुलूप लावलं.

आप्पा त्या कुलपासमोर येऊन उभे राहायचे. "किल्ली कुणाकडे आहे?" ताई म्हणायची, "मोठ्या साहेबांकडे. सोमवारी येतील." आप्पांना ते पटायचं. ते मान हलवून परत जायचे. ताईला मात्र दर वेळी ओठ चावावे लागायचे.

बरेच दिवस तिने ओव्हन पेटवला नाही. लाँड्रीत मालकीणबाईंनी कुकी पुढे केली तर ती पोट भरलंय म्हणायची. मुंगीने एकदा विचारलं, दोनदा विचारलं, मग विचारणंच सोडून दिलं, आणि त्या गप्प बसण्याने ताई हलली. एका शनिवारी तिने सगळं नवीन आणलं. मैद्यापासून मिठापर्यंत सगळी पाकिटं बंद, दुकानातून आणलेली. प्रत्येक गोष्ट तिने जिभेच्या टोकाला लावून बघितली. कुकीज छान फुगल्या. पहिली तिने स्वतः खाल्ली आणि ती खुर्चीत बसून राहिली. मुंगी समोर हात पसरून उभी. "आई, दे ना." "थांब." "किती?" "थांब म्हटलं ना." आम्ही सगळे त्या गरम ट्रेभोवती उभे राहिलो. बऱ्याच वेळाने तिने आप्पांच्या हातात एक ठेवली आणि मग बाकीच्यांच्या.

पुढच्या वर्षी थंडीत आप्पा न्यूमोनियाने गेले, आपल्याच पलंगावर. शेवटी शेवटी त्यांना कुणी ओळखू येत नव्हतं. ताईने त्यांचं सगळं केलं. ती भीती तिला त्यांच्याजवळ बसतानाही वाटायची का, हे मी विचारलं नाही.

सगळं आटोपल्यावर भाऊजी स्क्रूड्रायव्हर घेऊन आले, स्वयंपाकघराचं कुलूप काढायला. आता कशाला हवं, म्हणाले. ताई म्हणाली, "राहू द्या."

ते अजून तिथे आहे. मुंगी आता ताईपेक्षा उंच झाली, घरात लहान कुणी नाही, म्हातारं कुणी नाही. तरी ताई कामावर जाताना ते लावते, ओढून बघते आणि किल्ली पर्समध्ये टाकते. कधी कधी बसस्टॉपपर्यंत जाते आणि मागे फिरते. एकदा मी बरोबर होते. "लावलंयस तू, मी बघितलं," मी म्हटलं. "माहितीये," ती म्हणाली, आणि तरी तिन्ही मजले चढून परत वर गेली.